मोहाच्या दिवसांत वाघ दिसला नाही

मोहाची फुलं गळायला लागली की हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. बैहरकडून येणाऱ्या बसमधून, माणसांच्या कपड्यांतून, टपावरच्या पोत्यांतून तो गोड, जरासा आंबूस वास शहरात शिरतो. आणि माझ्या स्टुडिओत फोटो काढायला आलेला माणूस खुर्चीत बसता बसता विचारतो, "काय मॅडम, मागच्या साली सोताची गाडी घेऊन जंगलात गेलत्या म्हणे. मंग, वाघ दिसला का?"

मी सांगते, नाही.

त्याच्या चेहऱ्यावर कीव उमटते. तीस वर्षं मी लोकांचे चेहरे काचेतून पाहते आहे. कीव लपवलेली असली तरी मला ती भुवयांच्या वर लगेच दिसते. मागच्या वर्षी ती मला झोंबायची. यंदा मी त्याला म्हणते, "हनुवटी थोडी खाली, दोन्ही कान दिसले पाहिजेत," आणि फोटो काढून मोकळी होते.

माझा धंदाच दोन्ही कान दिसण्याचा. बसस्टँडजवळ आमचा स्टुडिओ आहे. शाळेच्या फॉर्मचे, नोकरीच्या अर्जाचे, पासपोर्टचे फोटो मी काढते. लग्नसराईत हळदी आणि वराती. माझ्या वडिलांनी भरवेलीच्या खाणीत आयुष्य काढलं. त्यांच्या ओळखपत्रावरचा शेवटचा फोटो माझाच. माझ्या फोटोंवर पोरं मलाजखंडच्या खाणीत इंजिनियर म्हणून लागली, मुलींची लग्नं जमली, आणि कित्येक फोटोंना आज भिंतीवर हार आहेत. पण एकाही फोटोखाली माझं नाव नाही. ओळखपत्राच्या फोटोखाली कोण कुणाचं नाव घालतं? आधी मला त्याचं काही वाटत नव्हतं. पन्नाशी उलटली आणि वाटायला लागलं. सरळच सांगते, मला माझं नाव एका फोटोखाली छापलेलं पाहायचं होतं. एकदा तरी. मोठ्या अक्षरांत.

गाडी चालवायला मी त्याच सुमारास शिकले. एक जुनी पांढरी कार आम्ही लग्नाच्या ऑर्डरींसाठी घेतली होती. भावानं मला भरवेलीच्या मैदानावर महिनाभर गोल गोल फिरवलं आणि नंतर लांजीपर्यंत नेऊन आणलं. मागच्या वर्षी मार्च सरता सरता मी घरी जाहीर केलं की आठ दिवस दुकान बंद, मी जंगलात जाते आहे फोटो काढायला, गाडी मी चालवणार.

आमचे हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "बायका जातेत का कुठं अशा गाडी घेऊन? जिप्सीत बस, गेटातून जाय, वाघ पाह्य अन् ये वापस."

हेच तर मला नको होतं. अभयारण्याच्या गेटातून आत गेलं की गाडी त्यांची, रस्ता त्यांचा, थांबायचं कुठं तेही तेच ठरवणार. मान कुठं वळवायची तेवढं आपल्या हाती. तिथं स्वतःची गाडी नेता येत नाही, आणि तो नियम बरोबरच आहे, मी काही नियम मोडायला निघाले नव्हते. पण जंगल काय गेटापाशी सुरू होतं आणि गेटापाशी संपतं? आमच्या जिल्ह्यात डांबरी रस्ताच सालवनातून जातो. त्यावरून बस जाते, दूधवाला जातो, वरात जाते. मग मी का नाही? मी म्हटलं, "मी बाहेरूनच पाहीन. सार्वजनिक रस्त्यावरून." त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वर केलं. तीस वर्षांच्या संसारात याला परवानगी म्हणतात.

सोबतीला माझी थोरली नणंद आली, प्रमिलाताई. लांजीला राहतात, नर्स होत्या, आता निवृत्त. त्यांनी आयुष्यभर सुया टोचल्या असल्यामुळे त्या कुणाला घाबरत नाहीत. फक्त माझ्या ड्रायव्हिंगला घाबरतात. पहिले दोन दिवस त्यांचा एक हात दाराच्या कडीवर आणि एक चिवड्याच्या डब्यावर असायचा.

पहिल्या दिवशी मी जे काही केलं ते आठवलं की अजून हसू येतं. रस्त्याकडेला चितळांचा कळप दिसला. मी गाडी थांबवली, काच खाली केली, लग्नाच्या कामाचा मोठा झूम लावला, आणि तोंडातून निघून गेलं, "इकडे बघा, हलू नका." अख्खा कळप पळाला. पुढं वानरांचं कुटुंब एका पुलाच्या कठड्यावर बसलेलं भेटलं, तर मला राहून राहून वाटत होतं की मोठ्यांनी मागे आणि छोट्यांनी पुढे बसावं. संध्याकाळी बैहरच्या मुक्कामी खोलीत बसून आम्ही दिवसभराचे फोटो पाहिले. गवा समोरून, मधोमध, दोन्ही कान दिसताहेत. चितळ समोरून, मधोमध, दोन्ही कान. एक कोल्हा, तोही तसाच. जंगल कुठेच नव्हतं, मागे नुसता हिरवा पडदा.

प्रमिलाताईंनी चष्मा वर केला. "काहून वं शालू, या जनावराईले नौकरी लावून द्याची आहे का?"

मी इतकी हसले की खोलीवाल्या बाईनं दार वाजवलं. पण मनातून खट्टू झाले. तीस वर्षं एकच प्रकारे पाहिलं की डोळाही तसाच घडतो, आणि तो पन्नाशीनंतर बदलायचा म्हणजे गाडी शिकण्यापेक्षा अवघड. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की आज जनावर नाही, नुसतं पाहायचं. तेव्हा कुठं मला ते दिवस दिसायला लागले. कुसुमाच्या झाडांना लालबुंद कोवळी पालवी, दुरून पाहिलं तर फुललंच आहे असं वाटावं. सालाच्या शेंड्यांवर फिकट मोहोर. पळसाचा बहर ओसरलेला, खाली वाळलेल्या पाकळ्यांचा सडा. बांबूच्या बेटात वारा शिरला की जुनं दार करकरावं तसा आवाज यायचा. नऊ वाजले की ऊन असं चढायचं की रंगच उडून जायचे, आणि मग आम्ही कुठल्यातरी गावच्या हातपंपावर तोंड धुऊन झाडाखाली बसायचो. लग्नाच्या हॉलमधल्या उजेडात मी आयुष्य काढलं. इथला उजेड कुणी लावलेला नव्हता. तो यायचा तेव्हा यायचा, आणि आपण तिथं असायला हवं. हे मला फार आवडलं.

आणि सगळीकडे मोह. पहाटे टपटप, टपटप. पाऊस नाही, पण झाडाखाली गाडी लावली तर टपावर वाजत राहायचं. फिकट पिवळी, जाडसर, रसाळ फुलं, द्राक्षासारखी हाताला लागणारी. प्रत्येक झाडाखालची जमीन घरच्या अंगणासारखी झाडून लख्ख.

चौथ्या दिवशी अशाच एका झाडाखाली सुखवारोबाई भेटल्या. कुठल्या गावाशेजारी ते मी सांगणार नाही, आणि तुम्ही विचारूही नका. साठीच्या असतील. काटक, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, शेजारी बांबूची टोपली. मी गाडीतूनच नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे, मग मागच्या सीटकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"डरैवर कहाँ है?"

"मैं ही हूँ."

त्या टोपली सोडून उठल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि आत डोकावून माझे पाय पाहिले. मग म्हणाल्या, "उतरो. महुआ चखो."

तिथून आमचे पुढचे तीन दिवस त्यांच्या झाडांखालीच गेले. पाच झाडं त्यांची. त्यांची म्हणजे कागदावर नाही. सासूनं त्यांना दिलेली, तिला तिच्या सासूनं दिलेली. गावात कुणाचं झाड कुठलं हे लहान मुलालाही ठाऊक असतं आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. त्यातलं एक झाड त्यांनी थोरल्या सुनेला देऊन टाकलं होतं आणि आता त्याखालून जाताना त्याही पदर सावरून बाजूनं जायच्या. प्रमिलाताई तर मांडी घालून वेचायलाच बसल्या. दोन्ही हातांनी, भराभर. मी विचारलं तर म्हणाल्या, "मले फोटो काढता येत नाही, वेचता तं येते." सुखवारोबाईंना त्यांचं मराठी कळत नव्हतं आणि यांना त्यांची बोली अर्धीच कळायची, पण दोघी दिवसभर बोलत. दोघींच्या गुडघ्यांत एकच दुखणं होतं.

एकदा मी त्यांना विचारलं, इथं वाघ आहे का? सुखवारोबाईंनी माझ्या तोंडावर हात धरला, अगदी खराच धरला, मोहाचा चिकट हात. "यहाँ उसका नाम नहीं लेते." गावाला सगळं ठाऊक होतं. ती आहे, तिला दोन पिल्लं आहेत, नाल्यापलीकडे असते. म्हणून बायका एकत्र येत, पत्र्याचा डबा वाजवत. पण नाव कुणी घ्यायचं नाही आणि बाहेर कुणाला सांगायचं नाही. त्यांच्या माहेरी असंच झालं होतं. तिथं एकदा रस्त्याकडेला वाघीण दिसली, कुणीतरी फोटो काढला, फोटो फिरला. आठवड्याभरात गाड्यांची रांग लागली. मग बायकांना सांगण्यात आलं की तुमच्याच भल्यासाठी, ऊन चढेपर्यंत झाडांकडे यायचं नाही. ऊन चढेपर्यंत फूल थांबतं होय? हरणं खातात, गुरं खातात, उरलेलं सुकून मातीत जातं. त्या सबंध हंगामात माहेरच्या अंगणात मोह वाळत घातला गेला नाही. सुखवारोबाई हे सांगताना वेचायच्या थांबल्या नाहीत.

सहाव्या दिवसाची सकाळ. आम्ही पोचलो तेव्हा पुरतं उजाडलं होतं, पण ऊन झाडांच्या शेंड्यांवरच होतं. बाकीच्या बायका अजून आल्या नव्हत्या. सुखवारोबाई एकट्याच वाकून वेचत होत्या. मी गाडी रस्त्याकडेला उभी केली, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि त्यांच्या मागच्या गवतातून ती निघाली.

ती कशी दिसत होती ते मी लिहिणार नाही. तशी वर्णनं पुष्कळ झाली आहेत. मागून दोन पिल्लं आली. ती आणि सुखवारोबाई यांच्यात अंतर किती, तर आमच्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकाइतकं. प्रमिलाताईंनी माझं डावं मनगट पकडलं. आणि इथंच ती गोष्ट आहे जी मला कुणाला सांगायला आवडत नाही. माझा उजवा हात मोकळा होता. तो हॉर्नवर जायला हवा होता. तो बटणावर गेला. कॅमेऱ्याच्या.

सुखवारोबाईंनी कशावरून ओळखलं कोण जाणे. त्या सावकाश वळल्या. आणि उठल्या. वाकलेलं माणूस तिला चार पायांचं वाटतं, उभं राहिलेलं वाटत नाही, हे त्या भागात चालायला लागलेल्या पोरालाही शिकवतात. त्या ताठ उभ्या राहिल्या, टोपली उचलून डोक्यावर धरली, होत्या त्यापेक्षा हातभर उंच झाल्या, आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "जाओ माई. तुम्हारे भी बच्चे हैं, मेरे भी हैं. तुम अपने रस्ते जाओ."

ती गेली. घाईनं नाही, पण गेली. पिल्लं तिच्यामागं. गवत हललं आणि थांबलं. मी तोवर अकरा फोटो काढले होते.

मी गाडीतून उतरून धावत त्यांच्याकडे गेले. मी रडत म्हटलं, "मला हॉर्न वाजवायला हवा होता हो, मी नाही वाजवला." मराठीतच म्हटलं. प्रमिलाताईंनी तोडकंमोडकं हिंदी करून सांगितलं. सुखवारोबाई म्हणाल्या, बरं झालं नाही वाजवला, बिचकली असती. त्यांनी मला माफ केलं, पण त्यांना वाचवायला म्हणून मी काही हॉर्न वाजवायची थांबले नव्हते. मला फोटो हवा होता. हे मी विसरले नाही आणि विसरणार नाही.

निघताना त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "किसी को दिखाना मत, बाई. महुआ गिर रहा है."

मी हो म्हटलं.

घरी आल्यावर मात्र त्या अकरांतला एक, टोपली धरून उभ्या सुखवारोबाई आणि समोर ती पिल्लांसह, तो फोटो मी यांना दाखवला. नवऱ्याला दाखवणं म्हणजे कुणाला दाखवणं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. यांनी चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "तूनं काढला?" त्या दोन शब्दांत जे होतं ते मला तीस वर्षांत मिळालं नव्हतं. आणि म्हणूनच पुढचा घोळ झाला. पंधरा दिवसांनी गेटाजवळच्या एका रिसॉर्टचे मालक स्टुडिओत फोटो काढायला आले. मी आत होते. बाहेर येऊन पाहते तो यांनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवलेला, आणि छाती फुगवून उभे.

त्या साहेबांना फोटोची जाण होती, खोटं कशाला बोलू. त्यांनी उजेड पाहिला, गवत पाहिलं. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "मैडम, बस इस औरत को हटा दीजिए. जंगल में आदमी अच्छा नहीं लगता." आणि पुढं, हा फोटो आमच्या कॅलेंडरचं पहिलं पान, स्वागतकक्षात भिंतभर मोठा, खाली तुमचं नाव, बड़े अक्षरों में. "और जगह बता दीजिए. हमारे गेस्ट वहाँ ज़रूर जाना चाहेंगे."

ते गेल्यावर मी दार लावून कॉम्प्युटरसमोर बसले. मी साधू नाही. मी सुखवारोबाईंना कापून पाहिलं. एवढंच करायचं होतं, चौकट थोडी डावीकडे सरकवायची. वाघीण, दोन पिल्लं, सोनेरी गवत. फोटो सुंदर दिसत होता. खाली माझं नावही टाइप करून पाहिलं. तेही सुंदर दिसत होतं. आणि उजव्या कडेला, जिथं चौकट संपत होती, तिथं टोपलीचा एक तुकडा तेवढा उरला होता. तोही काढायला मी बाण तिथं नेला, आणि माझं डोकंच फिरलं. जंगलात माणूस चांगला दिसत नाही म्हणे! ती जमीन कुणी झाडून लख्ख केली? ते झाड तीन पिढ्या कुणी सांभाळलं? ती वाघीण दोन पिल्लांसह तिथं निर्धास्त फिरते, कारण तिचं नाव न घेणारी माणसं तिच्या शेजारी राहतात. आणि हिनंच उठून जायचं? पाहुण्यांना चित्र स्वच्छ हवं म्हणून? मी तीस वर्षं माणसांचे फोटो काढते आहे. माणूस चौकटीबाहेर काढायचं मला कुणी शिकवलेलं नाही, आणि ते मी आता शिकणारही नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन करून नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, कारण नाही, नाही म्हणजे नाही. त्यांनी फोटो न देता नुसती जागा तरी सांगा म्हटलं, तेव्हा मी फोन ठेवून दिला.

दोन दिवस हे फुरंगटून होते. "तुलेच तं नाव पाह्यजे होतं."

"हौ, पाह्यजे होतं," मी म्हटलं. "आताही पाह्यजे आहे. पण तिले कापून नाही."

"मंग लोकाईले काय सांगू? बायको आठ दिवस जंगलात राहून आली अन् वाघच दिसला नाही?"

"तसंच सांगा."

त्यांनी तसंच सांगितलं. अजून सांगतात. नातेवाइकांत माझी पुरेशी थट्टा झाली आहे. एका लग्नात तर माझ्या चुलतदिरानं सगळ्या वऱ्हाडासमोर विचारलं, "वहिनी, वाघ नाही तं नाही, मांजर तरी दिसली का?" मी म्हटलं, दिसली, दोन पिल्लंही होती. सगळे हसले. मीही हसले, आणि खरं सांगते, त्यांच्याहून जास्त हसले.

यंदा मोह गळायला लागला तशी मी पुन्हा गाडी काढली. प्रमिलाताईंचा हात आता दाराच्या कडीवर नसतो, दोन्ही हात डब्यात असतात. सुखवारोबाई त्याच झाडाखाली होत्या. अंगणात मोह वाळत पडलेला, मनुकांच्या रंगाचा. रस्त्यावर आमच्याखेरीज गाडी नव्हती. मी पिशवीतून तो फोटो काढून त्यांच्या हातात दिला, पूर्ण, काहीही न कापलेला. वाटलं होतं की त्या आधी वाघिणीकडे पाहतील. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. स्वतःकडेच पाहत राहिल्या, फोटो जवळ नेऊन, लांब धरून.

"मैं ऐसी खड़ी थी?"

"ऐसी ही खड़ी थीं."

त्यांनी पदरानं फोटोवरचा नसलेला डाग पुसला. मी विचारलं, नुसता तुमचा, तिच्याशिवाय, दुकानात लावला तर चालेल का? गावाचं नाव येणार नाही, झाडही ओळखू येणार नाही. त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, "लगा दो. मगर बड़ा लगाना."

मग मी घरी येऊन चौकट दुसऱ्या बाजूला सरकवली. आमच्या दर्शनी काचेत वीस वर्षं नवऱ्या मुलींचे फोटो असायचे. ते सगळे काढले. आता तिथं एकच फोटो आहे, माणसाइतका उंच. झाडाचं खोड, पहाटेचा उजेड, डोक्यावर टोपली धरून ताठ उभी असलेली बाई. खाली मोठ्या अक्षरांत माझं नाव.

मागच्या आठवड्यात ते रिसॉर्टचे साहेब पुन्हा आले. आत येण्याआधी काचेसमोर थांबले. त्यांना जाण आहे, म्हटलं ना. ओळखायला वेळ लागला नाही. ते चौकटीच्या डाव्या कडेपाशी वाकून पाहू लागले, जिथं गवत संपतं तिथं.

"मैडम," ते म्हणाले, "इसमें तो बाघिन ही नहीं है."

"नाही," मी म्हटलं. "इसने भगा दी."